नॅनो टाकायच्या आधी साधा पडदा जमवा: मेंब्रेनच्या कामात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

गाईडनं "नॅनोकॉम्पोझिट पॉलिमर मेंब्रेन" (म्हणजे नॅनो आकाराचे कण मिसळलेला पॉलिमरचा पातळ पडदा) असा विषय हातात दिलाय, तुम्ही आठ दिवसांपासून नुसते पेपर डाउनलोड करायलात आणि एकाही पेपरमधून हे कळंना की सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्यावर आधी कोणती बाटली उघडायची, तर हे तुमच्यासाठीच लिहायलोय. पेपरमध्ये कसं असतं, "डोप तयार केलं, काचेवर पसरवलं, पाण्यात बुडवलं", तीन ओळीत खलास. त्या तीन ओळींत माझे आठ महिने गेले.

माझं गाव परभणी जिल्ह्यातलं, अकरावी-बारावी लातूरला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथंच रूम करून राहत होतो आणि रूमवाल्या मावशी आंघोळीला एक बकेट मोजून द्यायच्या, त्यात कपडेबी भागवायचे. त्यामुळं पुढं संभाजीनगरला पीएचडीला हा विषय मिळाला तेव्हा डोक्यात लई मोठी चित्रं होती, की आपण असा पडदा करू की गावच्या बोअरचं खारं पाणी तांब्यात धरलं की गोड. ती चित्रं बाजूला ठेवून काम सुरू करायला मला वेळ लागला, तुमचा लागू नये.

१. आधी ठरवा, पडदा काय सोडणार आणि काय अडवणार

"पाणी आणि ऊर्जा दोन्हीसाठी मेंब्रेन" असं सिनॉप्सिसमध्ये लिहायला छान वाटतं, पण हे दोन वेगळे पडदे आहेत आणि करायची पद्धतबी वेगळी. पाण्याच्या पडद्यातून पाणी जावं आणि घाण अडावी, म्हणून त्याला छिद्रं पाहिजेत. फ्युएल सेलच्या (हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज काढणाऱ्या यंत्राच्या) पडद्यातून फक्त प्रोटॉन जावा, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना भेटू नयेत, म्हणून तो घट्ट पाहिजे, त्यात एक सुईएवढं भोक पडलं तरी काम संपलं. पहिला पाण्यात बुडवून करतात, दुसरा हळूहळू वाळवून.

पाण्यातसुद्धा चार प्रकार. मायक्रोफिल्ट्रेशनची छिद्रं साधारण ०.१ ते १० मायक्रॉन, अल्ट्राफिल्ट्रेशनची त्याखाली ०.०१ मायक्रॉनच्या आसपासपर्यंत, नॅनोफिल्ट्रेशन म्हणजे जवळपास १ नॅनोमीटर, आणि आरओच्या थराला तर छिद्र म्हणावं असं काही नसतंच, पाणी पॉलिमरमध्ये विरघळून पलीकडं निघतं. विद्यापीठाच्या लॅबमध्ये नवीन माणसाला जमणारी गोष्ट म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे यूएफ. यूएफ गढूळपणा अडवतो, बॅक्टेरिया अडवतो, प्रोटीनसारखे मोठे रेणू अडवतो. मीठ अडवत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर पडद्याच्या अलीकडं आणि पलीकडं तेच दाखवणार.

हे एवढं जोर देऊन सांगायलोय कारण आपल्याकडचा प्रत्येक पोरगा पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये फ्लोराईड, नाहीतर बोअरचा क्षार, यापासूनच सुरुवात करतो आणि करतो मात्र यूएफचा पडदा. फ्लोराईडचा आयन त्या छिद्रांपुढं म्हणजे वेशीतून मुंगी. तो अडवायचा तर नॅनोफिल्ट्रेशन किंवा आरओ पाहिजे, नाहीतर पडद्यातच अ‍ॅल्युमिना किंवा झिर्कोनियमचे ऑक्साइड असं काहीतरी घालावं लागतं की जे फ्लोराईड धरून ठेवील, आणि ते धरून धरून भरलं की थांबतं, मग परत धुवावं लागतं. हे पहिल्याच पानावर लिहा, आरएसीत (पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीत) कोणी विचारायच्या आधी.

२. सामान आणि कागदं

लागणारं सामान, माझ्या यूएफच्या कामाचं:

- पॉलिमर: पॉलिइथरसल्फोन, म्हणजे पीईएस (पॉलिसल्फोन किंवा पीव्हीडीएफसुद्धा चालतं, पण पहिल्यांदा पीईएसच घ्या, पीव्हीडीएफ स्फटिक धरतं आणि नखरे करतं)
- सॉल्व्हंट: एनएमपी किंवा डीएमएसी
- छिद्रं मोकळी व्हायला पीव्हीपी नाहीतर पीईजी
- फिलर, म्हणजे पडद्यात मिसळायचे नॅनोकण: टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिका किंवा ग्राफिन ऑक्साइड, यातलं एकच
- मॅग्नेटिक स्टरर हॉट प्लेटसकट, ओव्हन, बाथ सोनिकेटर
- कास्टिंग नाइफ, म्हणजे डॉक्टर ब्लेड, आणि जाड सपाट काच
- डीआय वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, आणि ते ठेवायला मोठा ट्रे
- हायग्रोमीटर, भिंतीवर लावायचा साधा. याची गोष्ट पुढं येतेय

काच हार्डवेअरच्या दुकानातून कापून आणली तरी चालते, फक्त कडा घासून घ्या. डॉक्टर ब्लेड मिळालं नाही म्हणून काहीजण काचेच्या कांडीला दोन्ही टोकांना टेप गुंडाळून पसरवतात, मीबी सुरुवातीला तेच केलं, होतं काम, पण जाडी दर वेळी वेगळी येते आणि मग फ्लक्स, म्हणजे पडद्यातून पाणी निघायचा वेग, का बदलला ते कळत नाही.

कागदांचं सांगतो. खरेदीला इंडेंट (मागणीपत्र), त्यावर गाईड आणि एचओडीची सही, बऱ्याच ठिकाणी तीन कोटेशन किंवा सरकारी खरेदीचं जेम पोर्टल. केमिकल मागवताना एमएसडीएस (त्या केमिकलच्या धोक्यांची माहिती) प्रिंट काढून फाईलला लावा. बाहेर टेस्टिंगला सॅम्पल पाठवायला गाईडचं पत्र, आयडी कार्डाची झेरॉक्स, सॅम्पल फॉर्म. फेलोशिप बार्टी, सारथी, महाज्योती कोणतीबी असो, कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या रकमेतून) खर्च दाखवायचा तर ओरिजनल बिल लागतं, आणि थर्मल कागदावरचं बिल सहा महिन्यांत पांढरं होतं, आल्या दिवशी झेरॉक्स मारा.

एनएमपीला हलकं घेऊ नका. वास फार नसतो म्हणून लोक बिनधास्त राहतात, पण ते कातडीतून आत जातं आणि गर्भाला धोकादायक म्हणून नोंदलेलं आहे. निळे नायट्राइलचे हातमोजे त्याला फार वेळ थांबवत नाहीत, सांडलं की लगेच बदला, जास्त काम असेल तर ब्युटाइल रबरचे घ्या. आणि नॅनो पावडर तोलताना वरचा पंखा बंद. मे महिन्यात लॅबमध्ये पंखा बंद करा म्हणलं की सगळे आपल्याकडं असं बघतात की जणू आपण त्यांचं पाणी तोडलं, तरी बंद करा, तोंडाला एन-९५ लावा आणि फ्युम हुडमध्ये तोला.

३. पॉलिमर वाळवा आणि हवा बघा

पीईएसचे दाणे दिसतात कोरडे, पण हवेतलं पाणी धरून बसलेले असतात. रात्रभर ओव्हनमध्ये ८० °से. च्या आसपास ठेवा. पीव्हीपी तर याहून जास्त पाणी ओढतं, त्याची बरणी उघडी ठेवली की दोन दिवसांत गोळा.

पाण्याची एवढी भीती कशाला, तर सगळा खेळच पाण्याचा आहे. सॉल्व्हंटमध्ये विरघळलेलं पॉलिमर पाण्याला भेटलं की बाहेर पडतं, घट्ट होतं, आणि सॉल्व्हंट निघून गेलेल्या जागी छिद्रं राहतात. याला फेज इन्व्हर्जन म्हणतात. १९६० च्या आसपास लोब आणि सौरीराजन यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात याच मार्गानं सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा आरओ पडदा केला, वरून बारीक कातडी आणि खाली स्पंज, आणि तिथून ही सगळी गाडी सुरू झाली. आता तुम्हाला हे पाणी भेटायला पाहिजे ट्रेमध्ये, तुम्ही ठरवलेल्या क्षणी. ते आधीच पॉलिमरमधून, पीव्हीपीमधून, किंवा लॅबच्या हवेतून भेटलं तर पडदा अर्धा तिथंच होऊन बसतो.

माझं असंच झालं. एप्रिल-मेमध्ये केलेले पडदे छान, एकसारखे, मी खूश. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि तीच रेसिपी, तेच हात, पडदे निघाले दुधाळ, खरखरीत, फ्लक्स कायच्या काय. मी पॉलिमर बदललं, सॉल्व्हंटची नवी बाटली फोडली, सोनिकेटरला शिव्या घातल्या. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका ताईंनी विचारलं, "खिडकी उघडी ठेवून कास्ट करतोस का रे?" उघडीच होती. काचेवर पसरवलेला ओला थर हवेतला दमटपणा ओढत होता. तेव्हापासून हायग्रोमीटर भिंतीवर, आणि दर कास्टिंगला तारखेशेजारी आर्द्रता, खोलीचं तापमान, ट्रेच्या पाण्याचं तापमान, तिन्ही वहीत. जानेवारीत आमच्या ट्रेचं पाणी १८ °से. असतं आणि मेमध्ये ३५, आणि पाणी जितकं गरम तितकी सॉल्व्हंटची आदलाबदल जोरात, पडदा वेगळाच.

४. डोप बनवणं

डोप म्हणजे पॉलिमरचं घट्ट द्रावण, पातळ मधासारखं. माझी रेसिपी, ५० ग्रॅम डोपसाठी:

पीईएस ८ ग्रॅम (१६ टक्के), पीव्हीपी १ ग्रॅम (२ टक्के), एनएमपी ४१ ग्रॅम (८२ टक्के).

एनएमपी आधी बाटलीत घ्या, पीव्हीपी विरघळवा, मग पीईएस थोडं थोडं टाका. एकदम ओतलं की बाहेरून फुगलेला आणि आतून कोरडा असा गोळा होतो आणि तो दोन दिवस विरघळत नाही. ६० °से. ला हळू स्टररवर रात्रभर. झाकण घट्ट, वर पॅराफिल्म.

आता रात्रभर म्हणलं की आपल्याकडं लाईटचा प्रश्न आला. मध्यरात्री लाईट गेली, स्टरर थांबला, पहाटे आली तर स्टरर परत शून्यावरून चालू होतो किंवा होतच नाही, मॉडेलवर आहे. सकाळी आल्यावर मॅग्नेट फिरायलाय म्हणून समजू नका की रात्रभर फिरलं. मी बाटलीशेजारी भिंतीवरचं जुनं विजेवर चालणारं घड्याळ लावलं होतं, लाईट गेली की तेबी थांबायचं, सकाळी बघितलं की कळायचं किती तास गेले. लई भारी जुगाड नाही पण कामाचा.

विरघळल्यावर स्टरर बंद करून डोप तसंच उभं ठेवा, निदान बारा तास, बुडबुडे वर येऊन जाऊ द्या. घाई केली तर प्रत्येक बुडबुडा पडद्यात एक भोक. डोळ्याला दिसत नाहीत आणि टेस्टिंगच्या दिवशी दिसतात.

५. कास्टिंग

काच अ‍ॅसिटोननं पुसा, बोट लावू नका. ब्लेडची फट २०० मायक्रॉनवर. काचेच्या एका टोकाला डोपची रेघ ओता आणि ब्लेड एका दमात, एका वेगानं ओढा. दचकून मधे थांबलात की तिथं आडवी पट्टी उमटते, तो भाग कापून टाका, "चालतंय की" म्हणू नका.

ओढून झालं की किती सेकंदांनी बुडवायचं ते ठरवून ठेवा, मी ३० सेकंद धरायचो, मोबाईलवर मोजून. काच ट्रेमध्ये तिरपी सरकवा, एकाच हालचालीत, न थांबता. पाणी लागताक्षणी पारदर्शक थर पांढरा होतो, पोळी तव्यावर रंग बदलते तसा, कडेपासून आत, आणि थोड्या वेळात आपोआप काचेवरून सुटून तरंगतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बाकीच्यांना हाका मारून बोलवलं होतं.

सुटल्यावर दुसऱ्या ताज्या डीआय पाण्यात हलवा आणि २४ तास ठेवा, मधे दोनदा पाणी बदला, नाहीतर आत एनएमपी राहतं. ट्रेमध्ये नळाचं पाणी वापरायचा मोह होतो, विशेषतः उन्हाळ्यात डिपार्टमेंटचं डीआय युनिट बंद पडतं आणि टँकर आला तरच पाणी असतं तेव्हा. नका वापरू, आपल्या पाण्यातले क्षार पडद्यावर बसतात आणि पुढं एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) तेच "नॅनोपार्टिकल" म्हणून दिसतात. असं घडलेलं मी बघितलंय.

आणि ते ट्रेमधलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात एनएमपी आहे. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, वर लेबल, आणि डिपार्टमेंटच्या घातक कचऱ्याच्या सोयीत द्या. पाणी शुद्ध करायचा पडदा करताना पाणीच नासवत बसायचं, हे काही बरं दिसत नाही.

पडदा ओलाच ठेवायचा, डीआय पाण्यात, शेवाळ-बुरशी धरू नये म्हणून १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून. हवेत उघडा वाळवला की छिद्रं मिटतात आणि पडदा आकसतो. कोरडाच लागत असेल तर आधी ग्लिसरॉलच्या पाण्यात बुडवून मग वाळवा.

६. आता थांबा, नॅनोला हात लावू नका

इथं माझं सगळ्यांशी भांडण होतं. पोरं दुसऱ्याच दिवशी टायटॅनियम डायऑक्साइड टाकतात, कारण विषयाच्या नावात नॅनो आहे आणि गाईडबी विचारतात "नॅनो कधी?". माझं म्हणणं, आधी साधे, बिनफिलरचे पडदे करत राहा, दहा होऊ द्या, पंधरा होऊ द्या, जोपर्यंत वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तीन पडद्यांचा फ्लक्स एकमेकांच्या जवळ येत नाही तोपर्यंत.

कारण साधं आहे. तुम्ही म्हणणार की १ टक्का फिलरनं फ्लक्स ३० टक्क्यांनी वाढला. पण तुमचे साधे पडदेच एकमेकांत ४० टक्क्यांनी वरखाली असतील तर ती वाढ फिलरची की पावसाची की तुमच्या हाताची, हे देवालाच माहीत. माझे पहिले सात "नॅनोकॉम्पोझिट" पडदे याच कारणानं कचऱ्यात गेले, आकडे सुंदर होते, पण शेजारी ठेवायला विश्वासाचा साधा पडदाच नव्हता.

७. फिलर घालणं

फिलर घालायचा कशाला? पीईएसला पाणी फार आवडत नाही, त्यामुळं प्रोटीन आणि सेंद्रिय घाण त्यावर चिकटून बसते, पडदा चोंदतो. टायटॅनियम डायऑक्साइड, सिलिका, ग्राफिन ऑक्साइड यांच्यावर पाणी धरणारे गट असतात, ते पडद्यात आले की घाण कमी चिकटते. चांदीचे कण घातले तर बॅक्टेरिया वाढत नाहीत. आरओच्या वरच्या पॉलिअमाइड थरात झिओलाइटचे नॅनोकण घालून पाणी जास्त सोडणारा पडदा २००७ मध्ये परत लॉस एंजेलिसमधूनच आला. म्हणजे कल्पना पक्की आहे, आपलं घोडं अडतं ते कण पसरवण्यात.

नॅनोकणांना एकमेकांना चिकटायची लई हौस. बाटलीवर लिहिलेलं असतं २१ नॅनोमीटर, तुम्ही नुसतं स्टररवर टाकलं की ते गोळे होऊन बसतात मायक्रॉनचे, आणि मग तो पडदा नॅनोकॉम्पोझिट कसला, वाळू मिसळलेला पापड. क्रम असा ठेवा:

फिलर आधी १०० °से. ला वाळवा. मग एकट्या एनएमपीत टाकून बाथ सोनिकेटरमध्ये तासभर, पाण्यात बर्फ टाकत, कारण सोनिकेटर गरम होतो. मग एकूण पॉलिमरचा साधारण दहावा भाग टाका, विरघळू द्या, परत थोडं सोनिकेट. या थोड्या पॉलिमरचं कणांवर अस्तर बसतं आणि ते परत चिकटत नाहीत. याला प्रायमिंग म्हणतात, आणि ही एक पायरी गाळली तर बाकी सगळं करून उपयोग नाही. मग उरलेलं पॉलिमर, नेहमीसारखं रात्रभर. सगळं पॉलिमर टाकल्यावर प्रोब सोनिकेटर तासन्तास लावू नका, पॉलिमरच्या साखळ्या तुटतात आणि डोप पातळ होतं.

आता टक्क्यांचा सापळा. पेपरमध्ये लिहिलेलं असतं "१ टक्का टायटॅनियम डायऑक्साइड". कशाच्या १ टक्का? पॉलिमरच्या धरला तर आपल्या ८ ग्रॅम पीईएसला ८० मिलिग्रॅम. डोपच्या धरला तर ५० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅम. सहापट फरक! मी पहिल्यांदा डोपचा धरला, डोप खडूच्या पाण्यासारखं दिसायलं तरी मला कळलं नाही. वहीत दर वेळी "पॉलिमरच्या वजनावर" असं पूर्ण लिहा.

किती घालायचं? पॉलिमरवर ०.५, १, २ टक्के, एवढ्यात खेळा. थोडं घातलं की पाणी आत ओढलं जातं, छिद्रं लांब बोटांसारखी होतात, फ्लक्स वाढतो. जास्त घातलं की डोप घट्ट होतं, कण गोळे धरतात, छिद्रं बुजतात, आणि वाढलेला फ्लक्स परत खाली. मधे कुठंतरी शिखर असतं, ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांत शोधा, दुसऱ्याच्या पेपरमधलं उचलू नका.

एक प्रश्न परीक्षक हमखास विचारणार: कण पडद्यातून सुटून पिण्याच्या पाण्यात येतात का? पडदा पाण्यात आठवडा-दोन आठवडे ठेवून ते पाणी आयसीपीला (पाण्यातले धातू अगदी कमी असले तरी मोजणाऱ्या यंत्रावर) पाठवा आणि उत्तर खिशात ठेवा.

८. टेस्टिंग आणि आकडे

डेड-एंड सेल (तळाला पडदा बसवून वरून दाबानं पाणी ढकलायचं भांडं), मागं नायट्रोजनचा सिलेंडर आणि रेग्युलेटर. सिलेंडर साखळीनं भिंतीला बांधा. पडद्याचा गोल कापताना चकचकीत बाजू, म्हणजे कास्टिंगवेळी पाण्याकडं असलेली, दाब येतो त्या बाजूला. उलटा बसवणारे दरवर्षी एक-दोन निघतातच, पहिल्या वर्षी मी होतो.

आधी २ बारवर तासभर पाणी चालवा, पडदा दबून स्थिर होऊ द्या, मग १ बारवर मोजा. फ्लक्स म्हणजे किती लिटर, भागिले क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, भागिले तास. समजा क्षेत्रफळ १४.६ चौ.सेंमी., दहा मिनिटांत ३० मि.ली. पाणी आलं, तर ०.०३ भागिले ०.००१४६ भागिले ०.१६७, म्हणजे साधारण १२३ एलएमएच (लिटर प्रति चौ.मी. प्रति तास). चौ.सेंमी.चे चौ.मी. करताना शंभरानं भागणारे बघितलेत, दहा हजारानं भागायचं असतं.

मग बीएसए प्रोटीन, १ ग्रॅम प्रति लिटर, अलीकडचं आणि पलीकडचं यूव्हीवर २८० नॅनोमीटरला मोजा. रिजेक्शन म्हणजे १ वजा पलीकडचं भागिले अलीकडचं, गुणिले १००. त्यानंतर पडदा धुऊन परत शुद्ध पाण्याचा फ्लक्स घ्या, धुतल्यानंतरचा भागिले पहिला, यावरून कळतं घाण किती सुटली. फिलरचा खरा फायदा बहुतेक वेळा इथंच दिसतो, पहिल्या फ्लक्समध्ये नाही.

फ्लक्स अचानक तिप्पट आला तर पेढे वाटू नका, भोक असतं. रिजेक्शन बघा, पडलेलं असणार.

९. ऊर्जेवाला पडदा असेल तर

इथं थोडक्यात, कारण मी यावर एकच वर्ष काम केलं. सगळ्यांची तुलना नॅफिऑनशी होते, म्हणजे फ्युएल सेलचा बाजारात तयार मिळणारा पडदा, ड्युपाँटनं १९६० च्या दशकात काढलेलं. ओलं असताना त्याची प्रोटॉन वाहकता साधारण ०.१ सीमेन्स प्रति सेंमी., पण महाग, आणि ८०-९० °से. च्या वर पाणी उडालं की वाहकता पडते. म्हणून पोरं एसपीईईके करतात: पीईईके पॉलिमर तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ढवळून त्यावर सल्फोनिक गट बसवायचे, मग बारीक धारेनं बर्फाच्या पाण्यात ओतायचं, पांढरे धागे निघतात, ते पीएच सातच्या जवळ येईपर्यंत धुवायचे. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, उलटं कधीच नाही, आणि फेसशील्डशिवाय नाही.

सापळा असा, की पेपरमध्ये लिहिलेलं असतं "रूम टेंपरेचरला इतके तास". त्यांची रूम २५ °से. ची. आपली मे महिन्यातली ४०. मी तेवढेच तास ढवळलं आणि धुवायला घेतलं तर धाग्यांचा साबुदाण्याच्या खिचडीसारखा चिकट लगदा झाला आणि अर्धा पाण्याबरोबर निघून गेला. गट जास्त बसले की पॉलिमर पाण्यात फुगतं आणि पुढं विरघळतंच. तापमान वॉटर बाथनं धरून ठेवा, आणि दर थोड्या तासांनी नमुना काढून तपासा.

पुढं डीएमएसीत विरघळवून, सिलिका किंवा टायटॅनियम डायऑक्साइड वर सांगितलं तसंच पसरवून, सपाट पेट्री डिशमध्ये ओता आणि ६० ते ८० °से. ला दिवसभर वाळवा, शेवटी १०० च्या वर थोडा वेळ. ओव्हनची जाळी सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हलनं बघा, नाहीतर पडदा एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठा.

गट किती बसले ते टायट्रेशननं: ०.१ ग्रॅम कोरडा पडदा मिठाच्या पाण्यात २४ तास, मग ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलीन. १५ मि.ली. लागलं तर १.५ मिलिमोल प्रति ग्रॅम. नॅफिऑन ११७ चं ०.९१ च्या आसपास येतं, ते स्वतःच्या हातानं काढून बघा, तुमची पद्धत बरोबर असेल तरच येईल. वाहकता सांगताना तापमान आणि आर्द्रता लिहिली नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

१०. सॅम्पल बाहेर पाठवणं

एसईएम, एएफएम (पडद्याचा पृष्ठभाग बारकाईनं दाखवणारी यंत्रं) आपल्याकडं सगळीकडं नाहीत. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं आणि त्यांचे दर दिसतात, आयआयटी मुंबईच्या सैफमध्येबी (तिथल्या यंत्रांच्या टेस्टिंग केंद्रात) पाठवता येतं. आडवा छेद बघायचा असेल तर पडदा कात्रीनं कापू नका, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून मोडा, नाहीतर छिद्रं चेपतात आणि फोटोत नुसता चिखल. पाकिटावर नाव पेन्सिलनं, मार्कर सॉल्व्हंटनं पुसतो. आणि अर्धा तुकडा स्वतःकडं ठेवा, कुरिअरमध्ये हरवतं, माझं एकदा हरवलंय आणि तो त्या वर्षीचा सगळ्यात चांगला पडदा होता.

११. गावचं पाणी

शेवटी प्रत्येकाला आपल्या बोअरचं पाणी पडद्यातून काढून बघायचं असतं, मलाबी होतं. दिवाळीत दोन कॅन भरून आणले. गढूळपणा गेला, पाणी काचेसारखं. फ्लक्स मात्र शुद्ध पाण्याच्या निम्म्यावर आला आणि टीडीएस जागेवरच. फोनवर बाबांनी विचारलं, "मग आता प्यायला चालंल का?" नाही म्हणलं, दिसायला चांगलं झालंय, क्षार आहे तसाच आहे. ते म्हणले, "मग चार वर्षं काय केलंस रे?" त्यांना यूएफ आणि आरओ समजावून सांगायला अर्धा तास गेला, आणि खरं सांगतो, व्हायव्हाची तेवढी चांगली तयारी दुसऱ्या कशानं झाली नाही.

तुम्ही आणणार असाल तर पाणी प्लास्टिकच्या बाटलीत आणा, काचेच्या नाही, कारण फ्लोराईड काचेशी खेळतं आणि आकडा चुकतो. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मग भरा, तोंडापर्यंत. बाटलीवर गाव, तारीख, बोअरची खोली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत, आणि टीडीएस ५०० आणि २०००, हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, घरच्यांचा फोन कधीबी येतो.